वाक्य तोंडात असताना

दोन्ही शिष्टमंडळं दोन वेगळ्या दारांनी एकाच वेळी आत आली, म्हणजे आधी कोण आलं यावरून नवा वाद नको. लढाई थांबल्यानंतरची ही पहिलीच बैठक. चहा आणि पाणी ज्यानं त्यानं आपापलं आणलं होतं. शत्रूच्या साखरेवर विश्वास ठेवावा, इतका तह अजून झालेला नव्हता.

ती साहेबांच्या डाव्या हाताला बसली. ती दुभाषी होती. रीत अशी, की आपल्या साहेबांचं बोलणं आपण समोरच्यांच्या भाषेत सांगायचं, आणि त्यांचं बोलणं त्यांच्या दुभाष्यानं आपल्या भाषेत. स्वतःच्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. हे तिनं सकाळी आईला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. धाकटा भाऊ लढाईत बेपत्ता झाला होता. ना तो परत आला, ना त्याचं प्रेत. आईचं म्हणणं एवढंच, की तू त्यांच्या अगदी समोर बसणार आहेस, तर विचार. तसं विचारता येत नाही म्हटल्यावर आई डबा भरता भरता म्हणाली, "मग तोंड कशाला दिलंय तुला?"

समोरच्या बाजूचे दुभाषे तिचे सर होते. लढाईच्या आधी ते याच शहरात शिकवायचे. त्यांची भाषा तिला त्यांनीच शिकवली, आणि हे कामही. सरांचे नियम कडक. वाक्य तोंडात असताना पाणी प्यायचं नाही, हा त्यातला पहिला. घसा कोरडा पडू दे, ठसका लागू दे, वाक्य पुरं झाल्याशिवाय ग्लासाला हात लावायचा नाही. एकदा वर्गात तिनं मध्येच घोट घेतला, तर सरांनी तिला दिवसभर बोलू दिलं नव्हतं. आता त्यांच्या डोक्यावर एकही काळा केस उरला नव्हता. नमस्कार करायचा नाही, असा वरून हुकूम होता. तिनं केला नाही. त्यांनीही केला नाही.

सकाळ एकमेकांची उणीदुणी काढण्यात गेली. पूल कोणी उडवला, धरणाचं दार कोणी उघडलं, आणि मग नकाशातल्या नदीला कोणाचं नाव द्यायचं यावर बराच वेळ. साहेब लोक टोचून बोलायचे आणि निवांत मागे रेलायचे. ते विष दुसऱ्या भाषेत ओतायचं काम दुभाष्यांचं. मग बेपत्ता सैनिकांचा विषय निघाला. तिनं पेन खाली ठेवलं.

त्यांचा जनरल मिशीतल्या मिशीत हसत बोलला. सर सांगू लागले, "तुमची माणसं शरण येण्याइतकी शहाणी नव्हती. आमच्याकडे तुमचा एकही माणूस..."

आणि ते थांबले. ग्लास उचलून त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला.

"...जिवंत नाही."

सर म्हातारे झाले, एवढंच आधी तिच्या मनात आलं. मग वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला. समोरच्या जनरलचं नरडं आवळावं असं तिला वाटलं. घरी आई दाराशीच उभी असणार, तिला काय सांगायचं?

साहेबांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांना भावाचं माहीत होतं. घरचं घरी ठेवायचं, असं त्यांनी गाडीतच बजावलं होतं. ते म्हणाले, "सांगा त्यांना, तुमच्या माणसांना पळता छान येतं, म्हणून ती हाती लागली नाहीत. आमच्याकडेही तुमचा एकही माणूस जिवंत नाही."

हे खोटं होतं. मागच्याच महिन्यात तिला छावणीच्या तळघरात नेलं होतं, कैद्यांचे जबाब घ्यायला. तिथं त्यांची पोरं होती, हसती-बोलती. कानाला पट्टी बांधलेलं एक पोर तिचं बोलणं ऐकून हसलं होतं. ताई, तुम्ही आमच्या आजोबांसारखं बोलता, म्हणालं होतं. सरांनी शिकवलेली भाषा ती, जुन्या वळणाचीच असणार.

त्याच जुन्या वळणाच्या भाषेत तिनं सुरुवात केली. पळण्याबद्दलचा टोमणा तिनं मन लावून मारला. जनरलची मिशी हलायची थांबली.

"आमच्याकडेही तुमचा एकही माणूस..."

पट्टी बांधलेलं ते पोर डोळ्यांपुढून हलेना. हातानं आपणहून ग्लास उचलला आणि तिनं तो एका दमात रिकामा केला. उरलेले शब्द त्यानंतर बाहेर पडले.

ग्लास हातातच होता तेव्हा तिला कळलं, सर मघाशी का थांबले होते. म्हणजे त्यांनीही कुठलं तरी तळघर पाहिलं होतं. तिला इतका आनंद झाला की पाठोपाठ लाज वाटली. तिथं आपला भाऊच असेल असं नाही, पण कोणीतरी होतं. आणि आत्ताच आपण कोणाच्या तरी आईला तिचा जिवंत मुलगा मेला म्हणून सांगितलं.

दोन्ही साहेबांनी माना हलवल्या. हा विषय मिटला, असं दोन्ही बाजूंनी जाहीर झालं. खुर्च्या सरकू लागल्या.

तिनं पुन्हा पाण्याकडे हात नेला. आपल्या बाजूची बाटली संपली होती. सरांनी त्यांच्यासमोरची बाटली उचलली आणि टेबलाच्या दोन बाजू पाडणाऱ्या मधल्या पट्टीच्या अलीकडे, तिच्यापुढे सरकवली. मागे उभा असलेला सुरक्षा अधिकारी झटकन पुढे आला. साहेब दातओठ खात पुटपुटले, "हात लावू नका त्या पाण्याला."

तिनं ग्लास भरून घेतला आणि सगळ्यांसमोर ती पाणी प्यायली.

सर आपले कागद गोळा करत होते. तिच्याकडे न बघता, तिच्याच भाषेत ते म्हणाले, "मघाशी मलाही पाणी लागलं होतं."