साहेबांच्या हस्ते

परभणीला मोतीबिंदू काढून आलेल्या कासाबाईची पट्टी सकाळीच सुटायची होती. पण बोरीच्या नेत्रशिबिराच्या मंडपात ती साहेबांच्या हस्तेच सोडायची, असं ठरलेलं. आणि साहेब सकाळपासून निघालेच होते. दुपार झाली, पट्टीआड डोळा ठणकायला लागला. “डाक्टरीणबाई, लय आग व्हायलीय वो!” डॉक्टरीणबाई कात्री घेऊन धावल्या, तर आयोजक बन्सीधर आडवा. “मॅडम, फोटोवाला बोलावलाय. सायबाच्या आधी पट्टी सुटली तर माजी काय इज्जत राहील?” “अन् माजा डोळा गेला तर? सायबाचा काढून बसवतूस का, मुडद्या?” म्हणत कासाबाईनं स्वतःच पट्टी टरकन ओढून फेकली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली, घाईनं औषध सोडलं. “वाचला डोळा. काय दिसतंय, मावशी?” फोटोपुरती परत बांधावी म्हणून बन्सीधर साहेबांच्या खुर्चीपुढं पडलेली पट्टी उचलत होता. “टावेल टाकलेली रिकामी खुर्ची दिसायलीय, अन् तिच्यापुढं वाकलेला बन्सीधर.”