बंद दारामागचा इतिहास

“पुतळे, लॉजच्या पहिल्या सभेपासून आपल्या घरानं शब्द पाळलाय. आत काय चालतं, ते त्या पुरुषांच्या बायकांना कळता कामा नये,” सासूबाईंनी मरताना पुतळाबाईंना बजावलं होतं.

श्रावणी सोमवारी माझगावच्या फ्रीमेसन लॉजच्या, म्हणजे पुरुषांच्या गुप्त मंडळाच्या, अध्यक्षांच्या पत्नी दर्शनाताई लॉजमागच्या चाळीत पुतळाबाईंकडे आल्या. त्या लॉजचा सुरुवातीचा इतिहास लिहीत होत्या.

“मावशी, शंभर वर्षं दार लावून ही पुरुषमंडळी करतात तरी काय? मंत्रतंत्र? आमचे हे श्रावण इतका कडक पाळतात, पण सभा चुकवत नाहीत!”

“मी कधी आत गेलेच नाय गो बाय,” उपासाच्या दिवशी पुतळाबाई खरं तेच बोलल्या.



दर्शनाताई गेल्यावर पुतळाबाईंनी मीठसुद्धा न चाखता तळलेले बोंबील डब्यात भरले आणि डबा पदराआड धरून त्या सभा भरलेल्या लॉजच्या मागच्या खिडकीकडे निघाल्या.