सीझन संपू दे

“हाकला बे त्याले! गोलकीपर हाये का बुजगावणं?” इंद्रभान टीव्हीवर खेकसला.

दुकानात बसलेले दहा-बारा जण हसले. चिखलीच्या बाजारात इंद्रभानचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मॅच असली की जळालेल्या मोटारी कोपऱ्यात सरकतात आणि माणसं बसतात. सातपुडा एफसीचा गोलकीपर शेखर हा इंद्रभानचा एकुलता एक मुलगा, हे साऱ्या बाजाराला ठाऊक. बाप त्याला घालूनपाडून बोलतो, हेही ठाऊक. पण आत्ताच त्या पोरानं उजवीकडे झेपावून पेनल्टी अडवली होती. तरी बुजगावणं?

“एखाद्या वेळी शाबास त म्हणा पोराले, इंद्रभानभाऊ,” शेजारचा टेलर शेषराव म्हणाला.

“म्हणीन. सीझन संपू दे.”

आणि सीझन तरी कसला! पहिल्या आठ मॅचमधल्या सहा हरले. गोल करणारा एकच धड खेळाडू होता, तो मालकानं मध्येच दुसऱ्या टीमला विकून टाकला. उरलेले असे, की समोर गोलपोस्ट मोकळा पडला तरी चेंडू प्रेक्षकांत मारतील. डिसेंबरात मुख्य गोलकीपरचा गुडघा गेला आणि बाकावर बसून कंटाळलेल्या शेखरला उभं केलं. तेव्हापासून नऊ मॅचमध्ये त्यानं तीनच गोल खाल्ले. अकराव्या नंबरवरची टीम सहाव्यावर आली. पहिले सहा प्लेऑफला जातात. आज शेवटची मॅच. नुसती बरोबरी झाली तरी पुरे होतं. प्लेऑफला गेला तर पुढच्या वर्षीचा करार पक्का, असं शेखर म्हणाला होता.

आतल्या दारातून अन्नपूर्णाबाई मूठ वळून आल्या. पडद्यावर लेकाचा चेहरा मोठा दिसताच त्यांनी टीव्हीवरूनच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि चुलीत टाकायला आत गेल्या. लोक पुन्हा हसले. हसेनात का.

इंद्रभानचा पहिला मुलगा गोरापान, गुटगुटीत होता. बारशाला आलेल्या प्रत्येक बाईनं त्याचं कौतुक केलं. वर्षाच्या आत तो तापानं गेला. दुसरा झाला तेव्हा इंद्रभानच्या आईनं सांगितलं, याले धोंड्या म्हणा. याले कोनी चांगलं म्हणू नका. आन् काऊन म्हणत नाही, ते त्याले सांगू नका, सांगतलं की उपाय जाते. शेखर हे नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच. इंद्रभान हा टेस्टर लावल्याशिवाय तारेला बोट न लावणारा माणूस, पण ही एक गोष्ट त्यानं कधी तपासून पाहिली नाही. कोण पाहील?

मॅच संपली की तासाभरात शेखरचा फोन यायचा. “पाह्यलं का, बाबा?” “काय पाहाचं? धोंडा तो धोंडाच.” आधी पोरगं यावर खळखळून हसायचं. हल्ली नुसतं “हाव” म्हणून आईला फोन द्या म्हणायचं.

एक्क्याण्णवावं मिनिट. शून्य-शून्य. समोरच्यानं एक पुचाट फटका मारला. शेखर बरोबर डावीकडे गेला. चेंडू आपल्याच माणसाच्या टाचेला लागला आणि उजवीकडून आत गेला. लगेच मॅच संपल्याची शिट्टी वाजली. शेखर गवतावर बसून राहिला आणि कॅमेरा मेला त्याच्यावरून हलेना.

“घात केला पोट्ट्यानं,” शेषराव म्हणाला.

“त्यानं काऊन?” इंद्रभान उभाच राहिला. “टाच कोनाची होती? दीड तास एकटा लढून राह्यला तो! पेनल्टी अडवली, आठ गोल अडवले, डोळे फुटले होते का तुमचे?”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“तुमीच त बुजगावणं म्हणे, भाऊ,” शेषराव म्हणाला. त्यात वाकडं काही नव्हतं, त्याला खरंच कळलं नव्हतं. माणसं उठली, चपला शोधून निघून गेली.

इंद्रभाननं टीव्ही बंद केला. मोबाईलवर लोक शेखरला काय काय लिहीत होते, ते त्यानं थोडं वाचलं आणि ठेवून दिलं. बाहेर अजून उजेड होता. तास झाला, सव्वा तास झाला. फोन आला नाही.

“आता तरी बोला,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “सारं जग त वाईट बोलून राह्यलं त्याले. आता कोनाची दृष्ट लागते?”

हे इंद्रभानला पटलं. उलट त्याला हलकंच वाटलं. तेवीस वर्षं गिळलेलं आज बोलायचं होतं. त्यानं स्वतःहून फोन लावला, आजवर कधी लावला नव्हता. पलीकडून शेखरनं उचलला.

“शेखर,” तो म्हणाला. हे नाव त्याच्या तोंडाला नवीन होतं. “शाबास, बाप्पा. लय चांगला खेळला तू. तुह्यासारखा गोलकीपर म्या पाह्यला नाही.”



“बाबा,” शेखर म्हणाला, “तिकडं सारे हासून राह्यले असतीन मले, मालूम हाये. पण तुमी आज टोमणे नका मारू. रोजच्यासारखं धोंड्याच म्हणा.”