फाटलं की काढू

सोफ्यावरच्या पारदर्शक कव्हराची जाडी केसाच्या जेमतेम निम्मी होती, पण त्यात कार्बनच्या, पोलादाहून चिवट अशा अतिसूक्ष्म नॅनोनलिका होत्या. त्यावर मांजराची नखं बोथट झाली, तरी कव्हरावर ओरखडा नव्हता.

“फाटलं की काढू,” असं दिगंबरराव लग्नापासून सांगत आले होते. कुंदाताईंना एकदा तरी आतल्या निळ्या मखमलीवर टेकायचं होतं.

आज केर काढताना त्यांनी सोफा उचलला, तर तो उशीसारखा हलका लागला आणि आत भुसा सळसळला. वाळवीने लाकूड केव्हाच फस्त केलं होतं. सोफा नुसत्या कव्हराच्या जोरावर उभा होता.

“बघ! आता काढलं तर कोसळेल,” दिगंबरराव खुशीत म्हणाले.

कुंदाताईंनी केरसुणी खाली ठेवली. “अहो, उद्या नवा सोफा आणायचा. कव्हर दुकानातच ठेवून.”