ओटीची साडी

“आठ दिवसाला नळ सुटतो, त्यात अजून सोळा बिऱ्हाडं. प्यायचं काय, एकमेकांचं तोंड?” वीरण्णा शरणम्माच्या कानाशी पुटपुटला. कॉलनीचा अध्यक्ष तो. लगेच आवाज गोड केला. “काकू, आप्पांना तेवढं भूकंपाचं बोलायला लावा. पाण्याचं साहेब मनावर घेत न्हाईत.”

बांधकाम परवान्याचे साहेब कॉलनीच्या हरकती ऐकायला कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर उभे होते. लातूरच्या ह्या कॉलनीत वीस वर्षांत नवं घर उठलं नव्हतं. सगळे बंगलेच. प्लॉटवर आता चार मजली इमारत व्हायची होती, लहान लहान फ्लॅटची. फलक लागला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. मग पहिला फ्लॅट कुणी घेतला ते कळलं. सरकारी दवाखान्यातली सिस्टर, पंचशीला कांबळे. त्याच आठवड्यात सगळ्यांना पाणी आठवलं, पार्किंग आठवलं, भूकंपही आठवला. नावाचा विषय मात्र कुणी काढला नाही. शरणम्मानंही नाही.

पंचशीला ड्यूटीवरून तशीच आली होती. “साहेब, पोरीची शाळा हितं मागंच हाय. बंगला घ्यायची आमची ऐपत न्हाई, अन् ह्या अंगाला दुसरी इमारतच न्हाई. ही थांबली तर आम्ही जावं कुठं?”

साहेबांनी जमलेल्या कॉलनीकडं पाहिलं. वीरण्णानं सिद्रामप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. शरणम्माचे यजमान सकाळपासून वीरण्णानं मांडलेल्या खुर्चीत बसून होते.

“हे आमचे आप्पा, मूळचे किल्लारीचे. त्र्याण्णवला पहिलं कुटुंब, लेकरू, समदं गेलं. उंच इमारत बघितली की धडधडतं त्यांना. सांगा आप्पा.”

शरणम्मा खुर्चीजवळ सरकली. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं त्या पहाटेचं अवाक्षर काढलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. दोन मजली बंगला बांधून ते पोर्चमध्ये झोपायचे. थंडीत ती वर घोंगडं टाकायची. सप्टेंबर सरताना ते एकटेच किल्लारीला जायचे. देवीच्या ओटीला म्हणून ती साडी द्यायची. काठाची, स्वतः निवडून. देवीला हलकी कशी द्यायची?

“आमचं घर उंच नव्हतं, साहेब,” सिद्रामप्पा म्हणाले. “एकच मजला. पर भिंती ह्या एवढ्या रुंद, दगड-मातीच्या, वर मातीचं धाबं. गावात मान होता त्या भिंतींना. त्याच अंगावर आल्या.”

“म्हंजे बघा, चार मजले म्हटल्यावर तर—” वीरण्णा मधेच घुसला.

“थांब रे. गावाबाहेर बौद्ध वस्ती होती. कुडाची घरं, वर पत्रा. पडली, पर माणसं उठून उभी राहिली. गुणाबाई म्हणून होती. तिनं नखांनी माती उकरली, मला काढलं. पाणी पाजलं. त्याआधी तिच्या हातचं पाणी आमच्यात कुणी प्यालं नव्हतं.” ते शरणम्माकडं वळले. “साडी तिलाच देतो मी. देवीला न्हाई.”

शरणम्माच्या डोळ्यांपुढं एकेक साडी आली. मग पेढ्यांचा पुडा आला. फ्लॅट घेतला म्हणून पंचशीलानं परवा घरी आणून दिला होता. शरणम्मा हसून बोलली होती. पुडा अजून जिन्याखाली होता, दोऱ्यासकट.

“मग हरकत नेमकी कशाची आहे?” साहेबांनी विचारलं.

“पाण्याची...” वीरण्णा म्हणाला आणि चपलेनं माती उकरायला लागला. बाकी सगळे प्लॉटवरचं गवत बघत होते.

शरणम्मा पुढं झाली. पंचशीलाकडं बघून बोलायचं होतं. जमलं नाही. साहेबांकडं बघून बोलली.

“लिहा साहेब. इमारतीची भीती हितं कुणालाच न्हाई. आम्हाला ही बाई शेजारी नको होती. मला बी.”