निळी चोच

तळ्यावर धुकं ठाण मांडून बसलं होतं. आत कुठेतरी कलहंसांचा नुसता कलकलाट चालला होता, पण त्यातला एक दिसेल तर शपथ. मंडळी काठावर पाय आपटत उभी होती, थर्मासमधला डोंगरी चहा फिरत होता आणि समुद्राकडून येणारा गारठा कोटाच्या बाह्यांतून आत शिरत होता.

नोन्का जरा बाजूला उभी होती. तिचा नवरा स्तामेन पानगळीच्या दिवसांत गेला. तो दर हिवाळ्यात या मंडळींबरोबर इथे पक्षी बघायला यायचा, आणि ती चुकूनही कधी आली नव्हती. आज ती त्याची दुर्बीण मंडळाला देऊन टाकायला आली होती. निदान मंडळाच्या म्होरक्याला, लचेझारला, तिने तसं सांगितलं होतं. खरं तर तिला हवं होतं निराळंच. स्तामेनने ते बदक पाहिलं होतं, एवढं यांच्यातल्या कुणाच्या तरी तोंडून तिला एकदा ऐकायचं होतं.

एका जानेवारीत लव्हाळ्याच्या बेटापाशी स्तामेनला निळ्या चोचीचं बदक दिसलं. त्याला एकट्यालाच, कारण बाकीचे गाडीत बसून बनित्सा खात होते. मंडळाचा नियम असा की दोघांनी पाहिल्याशिवाय पक्षी यादीत धरायचा नाही. शिवाय त्या जातीच्या नराची चोच निळी होते ती वसंतात, थंडीत ती राखाडीच असते. "एकट्याने पाहिलं ते स्वप्न, स्तामेन," असं म्हणून लचेझारने विषय मिटवला होता. पण गाडी चालवणारा गेंको जात्याच वात्रट. तो पुढे दर हिवाळ्यात राकियाची बाटली स्तामेनपुढे धरून म्हणायचा, दोन घोट घे, म्हणजे परत दिसेल. बदक दिसलं त्या संध्याकाळी त्याने घरी सगळं सांगितलं, तेव्हा नोन्काही हसली होती. त्यानंतर स्तामेनने तिला तळ्यावरचं काही सांगणंच सोडून दिलं. ते आता तिच्या मनाला फार लागत होतं.

नुसतं किती वेळ उभं राहायचं म्हणून तिने तिपाई रोवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. तेवढ्यात धुकं जरा विरलं. लव्हाळ्याचं बेट हळूच वर आलं. खाली पाणी आहे की आभाळ, काही कळत नव्हतं. आणि त्या बेटाच्या कडेला एक बदक तरंगत होतं. बुटकं, तपकिरी, पांढऱ्या डोक्याचं, शेपटी काडीसारखी ताठ उभी. नोन्काला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नसे, पण त्या एका संध्याकाळी स्तामेनने सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं.

तिने लचेझारला हलकेच हाक मारली. तो आला. ज्याला पक्षी दिसला त्याने आधी सांगायचं, मग दुसऱ्याने बघायचं, अशी त्यांची रीत होती. डोकं, शेपटी, रंग तिने जसं दिसलं तसं सांगितलं. लचेझारने विचारलं, "आणि चोच?"

निळी, हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण स्तामेन पक्ष्याच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता. तिने तो शब्द गिळला.

"झोपलंय. चोच पाठीत खुपसलीय."

मग ती डोळा लावून आणि तो शेजारी उभा राहून, दोघं ते जागं व्हायची वाट बघत राहिले. मागची कुजबूज थांबली. गेंकोनेही हातातला पेला खाली ठेवला. बदक पाण्याबरोबर किंचित वर-खाली होत होतं, आणि बघता बघता नोन्कालाही डोलल्यासारखं वाटू लागलं. हे उठूच नये, असं तिला वाटलं. झोपेत होतं तोवर ते स्तामेनचंच होतं.

धुकं परत आलं तेही असंच, पावलं न वाजवता. तिच्या डोळ्यांदेखत बदक गेलं, मग बेट गेलं. ती मागे सरली.

"बघा तुम्ही, भावजी," ती म्हणाली.

लचेझारने हात पाठीमागे बांधले. दुसऱ्याने लावलेल्या दुर्बिणीला धक्का लागू नये म्हणून ही मंडळी तसंच बघतात. तो वाकला. समोर आता पायाखालचं पाणीसुद्धा धड दिसत नव्हतं, हे नोन्काला साध्या डोळ्यांनी कळत होतं. तो मात्र वाकलेलाच राहिला.

"जागं झालं," तो म्हणाला.

नोन्का त्याच्याकडे बघत राहिली.

"निळी आहे, वहिनी. चांगली ठसठशीत निळी आहे."

तो बाजूला झाला. तिने त्याच्यासारखेच हात पाठीमागे घेतले आणि डोळा लावला. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं होतं. तिने ते मन भरून पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "निळीच आहे."

"दोघं झाले," लचेझार बाकीच्यांकडे वळून म्हणाला. "स्तामेनचं बदक धरलं."

मागे कधी रांग लागली ते नोन्काला कळलंही नाही. एकेक जण हात पाठीमागे बांधून पुढे येत होता, धुक्यात डोळा घालून उभा राहत होता आणि दुसऱ्याला जागा करून देत होता. कुणी घाई करत नव्हतं. गेंको सगळ्यांत शेवटी आला आणि सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिला.

मग त्याने टोपी काढली.

"एवढी निळी आहे," तो नोन्काला म्हणाला, "हे मात्र तो बोलला नव्हता."