हौसाची साक्ष

"बहिरी बाई भोंगा कसा ऐकणार, साहेब? उद्या गॅस सुटला आणि ही मेली, तर जबाबदार कोण?"

मॅनेजर मुद्दाम सावकाश, ओठ ताणून बोलला. उमामाला ओठ वाचता येतात हे त्याला ठाऊक होतं. 'बहिरी' हा शब्द तिच्यापर्यंत नीट पोचावा, एवढीच त्याची काळजी.

पेणच्या सरकारी कामगार कार्यालयात, साहेबांसमोरच्या त्या सुनावणीत उमामाच्या बाजूने कोणी नव्हतं. रोह्याच्या औषधांच्या कारखान्यात चौदा वर्षं तिने गोळ्यांची पाकिटं भरली. मागितलं काय, तर धोक्याच्या भोंग्याबरोबर एक लाल दिवाही लावा. कंपनीने हसून उडवलं. तिने वर तक्रार केली आणि आठवड्याच्या आत तिला घरी बसवलं. भोंगा ऐकू येत नाही म्हणून काढली, असं कागदावर लिहून दिलं. मग शेजारच्या दोन कंपन्यांनीही तिचं नाव कळताच फाटकावरूनच परत पाठवलं. आज इथे हरली, तर पुन्हा काम मिळायची आशा नव्हती.

आणि कंपनीने साक्षीला आणलं होतं हौसाला. गडब गावची हौसा. चौदा वर्षं एकाच टेबलावरची, उमामाच्या डब्यातली तांदळाची भाकरी न विचारता उचलणारी. उमामाला काढल्यापासून सहा महिने तिने साधी ओळखही दाखवली नव्हती. आज कंपनीच्या गाडीतून उतरली तीही मान खाली घालूनच.

"बोला हौसाबाई. हिला भोंगा ऐकू येतो का?" मॅनेजरने विचारलं.

"नाय."

उमामाने तो एवढासा शब्द वाचला आणि पदर मुठीत आवळला.

"झालं, साहेब!" मॅनेजर खुर्चीत रेलला. "हिची मैत्रीणच सांगतेय."

तेवढ्यात हौसा वळली. तिने उमामाकडे तोंड केलं, कामावर गप्पा मारताना करायची तसं.

"साहेबांकडे बघून बोला!" मॅनेजरच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. मग त्याचे ओठ जेमतेम हलले. साहेबांना ऐकू गेलं नसावं, उमामाने मात्र वाचलं. "उद्या कामावर यायचंय ना?"

हौसाने तोंड वळवलं नाही. एकेक शब्द सुटा करून ती बोलली.

"तिला नाय ऐकू येत, साहेब. मलापण नाय येत. कुणालाच नाय. दोन वर्सं झाली, भोंगा बंदच हाय."